'मग आईची माया खोटी का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'सहा वर्षांच्या पोराला सगळं पदार्थाचंच बनलंय असं शिकवाल, तर उद्या ते आईची माया म्हणजे नुसतं रसायन म्हणेल,' ही तुमची हरकत. भीती रास्त आहे. गडबड करतो तो मात्र तुमच्याच वाक्यातला 'नुसतं' हा शब्द.

मुलाला दादरची गर्दी विचारा. संध्याकाळची लोकल, डबा खचाखच. माणसं उतरवली तर गर्दी नावाचं वेगळं काही मागे उरतं का? नाही. म्हणून गर्दी खोटी? धक्का खराच बसतो, चप्पलही खरीच सुटते. एकेकाकडे बोट दाखवून 'गर्दी ती हीच का?' विचारत गेलात तर ती कुणा एकात सापडत नाही. मनाचं तसंच. सहाव्या वर्षी एवढं पुरे.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हळद द्या. अर्धी वाटी पाण्यात चिमूटभर हळद, वर पाव चमचा खाण्याचा सोडा. पिवळं पाणी तांबूस होतं. तो रंग ना हळदीत होता ना सोड्यात. मग लिंबू थेंबाथेंबाने पिळा, फसफसून पिवळं परत येतं. हळद जास्त पडली तर फरक दिसत नाही. बेकिंग पावडर घेतलीत तर प्रयोग फसतो, कारण तिच्यात आम्ल आधीच असतं. चुन्याने रंग झकास येतो, पण डोळ्यात गेला तर भाजतो; तो मुलाच्या हाती नको. मनही असंच पदार्थांच्या मेळातून येतं, असं चार्वाक, म्हणजे सगळं पदार्थाचंच मानणारे प्राचीन भारतीय विचारवंत, म्हणत. त्यांचा म्हणून जुन्या ग्रंथांत येणारा विड्याचा दाखला याच जातीचा: पान, सुपारी, चुना यांतलं काहीच लाल नाही, चावलं की तोंड लाल.

या विचाराचं नाव सांगताना शब्द जपून वापरा. 'जडवाद' म्हटलं की मुलाला वजन आठवतं, 'भौतिकवाद' म्हटलं की मोठ्यांना मॉल. आणि चार्वाकांची चार भूतं, म्हणजे मूळ तत्त्वं (पृथ्वी, आप, तेज, वायू), 'भूतं' म्हणून सांगितलीत, तर रात्री दिवा चालू ठेवावा लागेल!

गर्दीचा दाखला मरणाला मात्र लावू नका. गाडी रिकामी झाली तरी माणसं घरी पोचतात. म्हणजे आजोबाही कुठेतरी पोचले असणार, असा सरळ हिशोब मूल करतं. तिथे निरांजन घ्या. तूप संपलं, जळणं थांबलं. ज्योत कुठल्या गावाला गेली असं कुणी विचारत नाही. आजी आजोबांना तारा म्हणाली तर तिला मुलासमोर खोडू नका. 'आजीला तसं वाटतं, मला वाटत नाही,' इतकंच म्हणा. का वाटत नाही, हे मूल विचारेलच, आणि आजीलाही विचारेल.