स्पीड पोस्टचं पार्सल चोरीला गेलं तर पूर्ण किंमत मिळते? खुलासा

ऑनलाइन माल विकणाऱ्यांच्या गटांत एक मेसेज फिरतोय: ‘स्पीड पोस्टचं पार्सल वाटेत चोरीला गेलं तर बिल दाखवा, पूर्ण पैसे मिळतात.’ साफ चूक. विमा नसेल तर भरपाई मिळते ती भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांतली जी कमी ती. मोहाडीहून ५००० ची कोसा साडी ८० रुपये भरून पाठवली, तर हाती येतील १६०. महाग मालाचा विमा बुकिंगच्या वेळीच काढावा लागतो, मागाहून नाही.

दरवेळी आख्खं पार्सलच गायब होतं असंही नाही. तळाचा जोड कापून माल काढतात नि वर दुसरी टेप मारतात. म्हणून जोडावर आडवी सही करून त्यावर पारदर्शक टेप लावा आणि पावतीवरचं वजन तपासूनच काउंटर सोडा. टेप वेगळी दिसली तर सही करण्याआधी वजन करून घ्यायला गिऱ्हाइकाला आधीच सांगा. ६२० ग्रॅमचं पार्सल १५० भरलं, तर तोच पुरावा. काट्यासकट फोटो हवा.

चोरी कुठं झाली ठाऊक नसलं तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. पोलिसांनी ‘चोरी तिकडे झाली असेल, नागपूरला जा’ म्हटलं तरी उठू नका.