हिरवं वाढलं म्हणून आनंद? मला नाही होत

उत्तर ध्रुवाकडे हिरवळ वाढतेय, मग चांगलंच आहे की! सोलापूरच्या मे महिन्यात, ४३ अंशांत बसून कुणी असं म्हटलं तर त्याचा राग येत नाही. सावलीची किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक? पण मला हे अजिबात पटत नाही.

तिथला टुंड्रा हा बिनझाडांचा मुलूख. शेवाळ, दगडफूल, गवत आणि जमिनीला चिकटून वाढणारी विलो-बर्चची खुरटी झुडपं, असा त्यांचा संसार थंडीच्या हिशेबाने हजारो वर्षं चाललाय. गेल्या चार दशकांत आर्क्टिक भाग जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापला आणि झुडपांनी उचल खाल्ली. अलास्कात १९४० च्या दशकाच्या शेवटी तेलाच्या शोधासाठी विमानातून फोटो काढले होते. पन्नासेक वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच जागांचे पुन्हा फोटो काढले, तर झुडपं दाट आणि उंच झालेली, जिथे नव्हती तिथेही उगवलेली.

झाडासारखीच ही झुडपंही वर्षाला एक कडं धरतात. बोटाएवढ्या खोडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की केसासारखी बारीक कडी मोजता येतात. उबदार उन्हाळ्याचं कडं बहुतेक ठिकाणी रुंद. २०१५ साली ३७ ठिकाणच्या अशा नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा दिसलं की जिथे मातीत ओल जास्त तिथे उष्म्यासरशी वाढही जास्त. सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको.

खरी काळजी पुढे आहे. हिवाळ्यात वाऱ्याने उडणारा बर्फ झुडपांत अडकतो. त्या थराखाली जमीन गोधडीत गुरफटल्यासारखी ऊब धरून राहते, जिवाणू काम करत राहतात, नत्र मोकळं होतं आणि ते पुन्हा झुडपालाच मिळतं. वसंतात काळपट फांद्या बर्फाबाहेर डोकावतात, ऊन शोषतात, बर्फ लवकर वितळवतात. उन्हाळ्यात त्यांच्या सावलीने माती थंड राहते, त्या कार्बनही ओढून घेतात, हे मान्य. पण खालच्या कायम गोठलेल्या जमिनीत हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन आहे. तो सुटायला लागला तर फांद्या किती धरणार? शिवाय रेनडियर हिवाळ्यात बर्फ उकरून जे दगडफूल खातात, ते या सावलीत मागे पडतं.

मी इतकं जीव तोडून लिहितोय, कारण हाच हिरवा मोह आपल्या दारातही आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं. कुसळी-पवन्याचं गवत, त्याच्या बुडाशी चंडोलाचं वाटीएवढं घरटं, दूरवर उभा काळवीट. माळढोक अंडं घालतो उघड्या जमिनीवर, बहुधा एकच, आणि त्याला लांबवरचं दिसावं लागतं. अशा माळावर चांगल्या हेतूने गिरिपुष्प हे झाड लावलं गेलं. त्याच्या दाटीत गवताला जागा उरत नाही, आणि गवत गेलं की चंडोलही जातो. आज तिथे माळढोक दिसणं जवळपास संपलंय. त्याला कारणं अनेक आहेत, पण हे त्यातलं एक, असं माझं ठाम मत आहे.

ग्रीनलंडमध्ये कस्तुरीबैल आणि रेनडियर चरतात तिथे झुडपं आटोक्यात राहतात, हे कुंपण घालून केलेल्या प्रयोगात दिसलंय. आपल्या माळावरही बेताची चराई गवताला मानवते, मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या धनगरांना विचारा.

येत्या जूनमध्ये रोपं घेऊन निघणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती. कडुनिंब लावा, वड लावा, शहरातल्या रस्त्यांच्या कडेला आणि शाळांच्या आवारात भरपूर लावा. नान्नज-मार्डीच्या माळावर मात्र कुदळ नेऊ नका.