एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: थारचे टायर आणि सिस्सूचा बर्फ

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. आमच्या दुकानातून बर्फाचं चिन्ह असलेले ऑल टेरेन (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीचे) टायर घेऊनही मनालीपुढचा अटल टनेल ओलांडल्यावर सिस्सू गावाच्या अलीकडे थार घसरून आडवी फिरली, हायवेला आवाज येतो, अ‍ॅव्हरेज पडलं, आणि आम्ही स्टेपनीसाठी पाचवा टायर ‘गळ्यात मारला’, अशा तक्रारी आहेत. पुढच्या वेळी मित्र सांगतो तसे मड टेरेनच (चिखलासाठीचे टायर) घेणार, असंही लिहिलंय. कुणाला लागलं नाही, बंपरवर निभावलं, हे वाचून जीव भांड्यात पडला. उत्तर जरा लांबवतो, कारण डिसेंबरात मनाली-स्पितीला निघणारी मंडळी हे वाचतील.

तुमच्या टायरच्या साइडवॉलवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण आहे. हे चिन्ह 1999 पासून वापरात आहे आणि ते चाचणी पास झाल्याशिवाय लावता येत नाही. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) मात्र कंपनी टायरची नक्षी बघून स्वतःच छापते. म्हणून तर जर्मनीत ऑक्टोबर 2024 पासून बर्फाच्या रस्त्यावर नुसतं एम+एस चालत नाही. तुम्हाला दिलेला माल खरा आहे, गाडीपाशी जाऊन चिन्हावर बोट ठेवून बघा.

आता खरी गोम. ही चाचणी होते दाबून घट्ट झालेल्या बर्फावर. दुपारी वितळलेलं पाणी रात्री डांबरावर गोठतं आणि सकाळी सावलीच्या वळणावर दिसतही नाही, त्या काचेसारख्या थरावर नाही. युरोपात 2021 पासून टायरच्या लेबलवर पडलेल्या बर्फासाठी एक आणि अशा गोठलेल्या काचेसारख्या थरासाठी दुसरं अशी दोन वेगळी चिन्हं आहेत, ती याचसाठी. तुम्हीच लिहिलंय की सोलंगपासून टनेलपर्यंत ताज्या बर्फात गाडी ‘मस्त चढली’. ती या टायरमुळेच चढली. दुसऱ्या दिवशी सकाळी घसरली तिथे टायरवर चढवायची लोखंडी चेनच लागते, किंवा खिळ्यांचे टायर. फोर बाय फोरचाही तिथे उपयोग नाही. चारही चाकं ओढत असली की गाडी निघते छान, पण ब्रेकच्या वेळी थार आणि अल्टो सारख्याच. गाडी ताब्यात देताना चेनचा विषय आम्ही काढला होता. ‘ऑल टेरेन घेतलेत ना, मग कशाला?’ असं तुम्ही म्हणालात. मनालीचे टॅक्सीवाले बर्फ पडला की चेन काढतात, ते हौस म्हणून नाही. चारही चाकांना लावा, 30 च्या आसपास चालवा आणि मोकळं डांबर लागलं की काढून ठेवा.

मड टेरेनबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: मित्राचं ऐकू नका. त्याचे ब्लॉक मोठे, त्यावर बारीक चिरा कमी. चिखल तो फेकतो झकास, पण निसरड्या बर्फाला धरायला या चिराच लागतात. सिस्सूला मड टेरेनवर असतात तर बंपरवर निभावलं असतं की नाही, सांगता येत नाही.

मग अस्सल विंटर टायर का नाही दिले? पारा 7 अंशांच्या खाली गेला तरी त्याचं रबर मऊ राहतं, हाच त्याचा गुण. एप्रिलात सोलापूर रोडला 40 अंशांत तेच रबर खोडरबरासारखं झिजतं आणि गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते. पुणे ते मनाली एका बाजूचे 2,000 किलोमीटर, त्यात बर्फ किती? शिवाय तुमच्या 255/65 आर18 मापात विंटर टायर आपल्याकडे सहज मिळतही नाहीत.

पाचव्या टायरचं. थारमध्ये 4एच (चारही चाकं ओढणारा गिअर) टाकलं की पुढची-मागची बाजू एकमेकींना जखडली जाते, दोघींना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही. पंक्चर झाल्यावर जुनी, झिजलेली स्टेपनी लावून तशीच 4एचमध्ये पळवली तर घेर जुळत नाही आणि ताण सगळा ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर येतो. ते बिल आमच्या टायरपेक्षा बरंच मोठं असतं. पाचवा टायर नको असेल तर नको म्हणा, पण कारण हे आहे.

आवाज आणि अ‍ॅव्हरेज: ऑल टेरेन म्हटलं की दोन्ही थोडं सोसावं लागतं, हे आमच्या कोटेशनवर छापलेलं आहे. मात्र 80 च्या पुढे स्टिअरिंगही थरथरत असेल, तर तो टायरचा आवाज नव्हे, बॅलन्सिंग बघावं लागेल. हवाही तपासू. तिकडच्या थंडीत दाब उतरतो, उंचीवर गेजवर थोडा चढतो, आणि तिकडे भरलेली हवा घेऊन पुण्यात आलात की आकडा वेगळाच दिसतो. गाडी घेऊन या, दोन्हीचे पैसे घेणार नाही. गुरुवारी दुकान बंद असतं.