नकाशा बरोबर आहे, जंगल चुकलंय

रस्ता कुणीही चुकू शकतो, त्यात काय विशेष. पण आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा, मी धडधाकट आहे आणि माझं काही बरंवाईट झालं तर जबाबदार मीच असं लिहिलेल्या कागदावर सही करायची, छातीवर नंबर टाचून घ्यायचा, रांगेत उभं राहायचं आणि मग शिट्टी वाजली की रस्ता चुकायला निघायचं, तेही रात्री, तेही जंगलात, ह्याला खेळ म्हणतात हे मला मेहुण्यामुळे कळलं. नाईट ओरिएंटियरिंग. "दाजी, नुसतं चालायचं असतं हो, हातात नकाशा असतो, कंपास असतो, हरवणार कसे?" हे मला कोण सांगतंय, तर ज्याला पार्किंगमध्ये स्वतः लावलेली गाडी सापडत नाही तो माणूस.

तर खेळ असा. जंगलात ठरावीक जागी अर्धे पांढरे अर्धे केशरी झेंडे लावलेले असतात, त्यांना कंट्रोल म्हणायचं. नकाशावर जांभळ्या रंगात स्टार्टचा त्रिकोण, प्रत्येक कंट्रोलभोवती एक गोल, फिनिशला एकात एक दोन गोल, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा. त्या रेषा बघून कुणालाही वाटेल, चला, सरळच तर जायचंय. रेषेखाली काय आहे ते नंतर पायाला कळतं. कंट्रोलपाशी पोचलं की बोटाला अडकवलेली चिप तिथल्या डब्यात घालायची, ह्याला पंच करणं म्हणायचं, पिंक असा आवाज येतो, बारकासा दिवा लुकलुकतो, झालं, पुढचा. क्रमानेच. एक राहिला किंवा भलताच पंच केला तर बाद. जीपीएस चालत नाही, फोन पिशवीत सील करून खिशात, अगदी जिवावर बेतलं तरच फोडायची. गळ्यात शिट्टी. संकट आलं तर मिनिटभरात ६ वेळा फुंकायची, एक मिनिट थांबायचं, परत ६. हे सगळं आयोजक इतक्या निवांतपणे सांगत होते की मी उगाच विचारलं, "झेंडे लपवलेत कुठे?" त्यांना वाईटच वाटलं. "लपवत नाही हो आम्ही, लावतो," म्हणाले.

हे खूळ स्वीडनच्या सैन्यातून आलंय. १८८६ च्या सुमाराला तिथल्या लष्करी अकादमीत अनोळखी मुलखातून नकाशा आणि कंपासवर रस्ता काढायचं शिक्षण द्यायचे. ठीक आहे, सैनिकांना निदान पगार मिळत होता. १८९७ ला नॉर्वेमध्ये सामान्य लोकांनी ह्याची स्पर्धा भरवली आणि तिथून जे सुरू झालं ते आता माझ्या मेहुण्यापर्यंत येऊन पोचलंय. फिनलंडमध्ये तर १९४९ पासून युकोला नावाची रिले चालते, पुरुषांच्या टीममध्ये सात जण, रात्री ११ ला स्टार्ट, सकाळपर्यंत पळापळ, हजारो लोक येतात. मेहुण्याने मला हे प्रेरणा म्हणून सांगितलं. पण ती जूनमध्ये असते आणि तिकडे जूनमध्ये पुरता अंधार असा पडतच नाही, ही गोष्ट तो गाळून गेला. आमच्या जंगलाला असली काही सवलत नव्हती. स्वतःचा हात दिसत नव्हता.

गट तीन होते. नवशिके, मधले आणि पट्टीचे. मी फॉर्मवर नवशिक्यांच्या चौकोनावर बोट ठेवलं तर हा म्हणाला, "छे, तो आपल्यासाठी नाही दाजी. त्यात मजा नाही येत." आपल्यासाठी म्हणे. तर आम्ही मधले.

नकाशा हातात पडला तो स्टार्टला, आधी बघू देत नाहीत. आता नकाशात हिरवं म्हणजे झाडी असं आपण शाळेपासून समजत आलोय. इथे पांढरं म्हणजे जंगल! म्हणजे झाडं आहेत पण मधून पळता येईल असं जंगल. पिवळं म्हणजे मोकळं. आणि हिरवं जितकं गडद तितकं घुसायला अवघड, अगदी गडद असेल तर जाऊच नका. तपकिरी रेषा कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या, उंची ५ मीटरने बदलली की एक. निळं पाणी, काळ्यात खडक आणि पायवाटा. इतका सुंदर रंगीत नकाशा मी आयुष्यात बघितला नव्हता आणि त्याचा बाहेरच्या परिस्थितीशी काहीही संबंध नव्हता, कारण बाहेर एकच रंग होता.

पहिले दोन कंट्रोल पायवाटेला लागूनच होते, ते मिळाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्यानेच घात केला खरं तर. मेहुण्याची चाल बदलली. तो मागे वळून मला टिप्स द्यायला लागला. आणि इथे हेडलॅम्पबद्दल बोललंच पाहिजे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं ही पद्धत हेडलॅम्प यायच्या आधीची आहे. हा प्रत्येक वाक्याला वळून माझ्याकडे बघणार आणि त्याचा तो प्रखर झोत थेट माझ्या डोळ्यात. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला अर्धा तास तरी लागतो आणि ती मोडायला "दाजी, येताय ना?" एवढं पुरतं. "येतोय रे, तिकडे बघून बोल!" हे मी सांगायचो, की कुठे असं विचारायला तो परत वळायचा.

शिवाय त्या दिव्यात जंगल असं दिसतच नाही. दिसतो फक्त पुढचा एक बोगदा. चढ आहे की उतार हे पोटरीला कळतं, डोळ्याला नाही. जगातले यच्चयावत किडे त्या झोतातून येतात आणि तोंड उघडं असेल तर आत जातात. जमिनीवर दव पडल्यासारखे बारीक बारीक ठिपके चमकत होते, फार सुंदर, म्हणून मी वाकून बघितलं. कोळ्यांचे डोळे होते ते. प्रत्येक ठिपक्यामागे एकेक कोळी, माझ्याकडे बघणारा. तेव्हापासून मी खाली बघायचं बंद केलं, म्हणून ठेचा लागल्या, आणि मेहुणा म्हणतो दाजी खाली बघून चाला.

मग खरे डोळे दिसले. दोन, मोठे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पांढरे. हलले. आम्ही जागच्या जागी थिजलो. मेहुणा एकदम बारीक आवाजात, समजावणीच्या सुरात "जा... जा..." असं म्हणायला लागला. त्यावर डोळे म्हणाले, "नाडी बांधतोय हो, जातो." बुटांच्या टाचांवरचे रिफ्लेक्टर होते. मी शिट्टी तोंडात धरली होती ती गुपचूप सोडून दिली.

तिसऱ्या कंट्रोलला वाट नव्हती, जंगलातून सरळ ४०० मीटर. नकाशाचं प्रमाण १:१०,००० म्हणजे एक सेंटिमीटरला १०० मीटर, तर बोटाची दोन पेरं पण नाहीत. मेहुणा म्हणाला कंपास कशाला, सरळ तर जायचंय. आता २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात सोडून सरळ चाला म्हणून सांगितलं होतं, तर ढगाळ दिवशी सूर्य दिसेना तेव्हा ती माणसं गोल गोल फिरून आपलीच वाट ओलांडत होती आणि त्यांना वाटत होतं आपण सरळ चाललोय. हे दिवसाउजेडी. मी हे त्याला तिथल्या तिथे सांगितलं. तो म्हणाला, "जर्मनीचं वेगळं असतं दाजी." शेवटी कंपास काढला तर उत्तर दिशा सारखी त्याच्याकडे सरकत होती. तो छातीशी धरायचा आणि तिथेच वरच्या खिशात सीलबंद फोन. फोनमध्ये चुंबक असतं रे बाबा! फोन मागच्या सॅकमध्ये गेला तेव्हा कुठे उत्तर उत्तरेला गेली.

आणि पावलं मोजायची. एकच पाय मोजायचा, डावा पडला की एक, १०० मीटरला साधारण ६०-६५ होतात, झाडीत जास्त. हे काम त्याने घेतलं. मोजणी चाळीसच्या पुढे गेली असेल, मी म्हणालो अरे उजवीकडे मोकळं दिसतंय. "दाजी, बोलू नका ना, मोजतोय... किती झाले?" हे त्याने मला विचारलं. मग परत पहिल्यापासून, पण कुठल्या पहिल्यापासून ते ठरेना. पुढे आडवं झाड लागलं, ते चढून उतरायला चार पावलं, ती धरायची का नाही ह्यावर आम्ही त्या झाडावर बसून चर्चा केली.

आता मुख्य मुद्दा. माणूस जंगलात हरवतो तेव्हा त्याला आपण हरवलोय असं अजिबात वाटत नाही. त्याला वाटतं पोचलो. नकाशात ओढा होता. समोर जरा ओलसर माती होती. "हाच ओढा दाजी, आटलाय." नकाशात काळा ठिपका म्हणजे मोठा खडक. समोर गुडघ्याएवढा धोंडा. मी म्हणालो, "हा?" तर म्हणे, "नकाशा केला तेव्हा मोठा असेल."

"खडक लहान होत नसतात."

"झिजतात ना दाजी, पाऊस-पाण्याने."

आता ह्याच्याशी काय वाद घालणार, भूगर्भशास्त्र त्याच्या बाजूने होतं, फक्त काही लाख वर्षांचा फरक. मग नकाशात घळ होती, आणि खरंच समोर घळ आली! दोन्ही बाजूंनी चढ, मधून खोलगट उतार, डावीकडे सोंड खाली उतरलेली, अगदी हुबेहूब. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. झेंडा तेवढा नव्हता. वर शोधला, खाली शोधला, प्रत्येक झुडपात डोकं घातलं. मेहुण्याचं मत पडलं की झेंडा कुणीतरी पळवला. आयोजकांच्या कारभारावर आम्ही तिथे बसून बरंच काही बोललो. नकाशा नीट बघितला तर अशी घळ एक नव्हतीच, शेजारी शेजारी तीन होत्या, तिन्ही सारख्या, आणि कोर्स लावणाऱ्याने नेमका त्यातल्या एकीत झेंडा लावला होता. ह्या माणसाच्या घरचे त्याच्याशी कसे राहत असतील हा विचार तेव्हा माझ्या मनात आला.

तेवढ्यात दुसरी एक जोडी समोरून आली. खेळात कुणाला विचारायचं नसतं, मदत घ्यायची नसते, पण जंगलात रात्री माणूस दिसल्यावर काहीतरी बोलावं लागतंच.

"काय, सगळं ठीक?"

"एकदम. तुमचं?"

"मस्त चाललंय."

आणि चौघंही आत्मविश्वासाने विरुद्ध दिशांना निघालो. थोड्या वेळाने तीच जोडी परत समोरून आली. ह्या वेळी कुणीच काही विचारलं नाही, नुसत्या माना हलवल्या. तिसऱ्यांदा भेट झाली तेव्हा लांबवर एक दिवा स्थिर दिसत होता, बराच वेळ एका जागी, म्हणजे कंट्रोलच असणार, नाहीतर जंगलात कोण कशाला थांबेल. आम्ही चौघं तिकडे निघालो. आमचे चार दिवे एका दिशेने जातायत बघून आणखी दोन दिवे मागे लागले, मग त्या बाजूने अजून तिघं आले, असा सगळा ताफा त्या एका दिव्यापाशी पोचला. तर तो माणूस लघवीला थांबला होता. एवढे लोक बघून त्याची जी अवस्था झाली ती मी लिहीत नाही. बाकीचे सगळे मात्र एकदम झाडाच्या शेंड्यांकडे बघत नकाशावर काहीतरी बोलायला लागले.

पण त्या गडबडीत मला पलीकडच्या उतारावर केशरी कोपरा दिसला. झेंडा! रिफ्लेक्टरची पट्टी चमकली. घळच होती ती. प्रत्येक कंट्रोलवर एक नंबर असतो आणि आपले नंबर कुठले ते एका चिठ्ठीवर असतं. कामं आमच्यात आधीच वाटून झाली होती, चिठ्ठी त्याच्याकडे आणि झेंडा माझ्याकडे. मी नंबर मोठ्याने वाचला, "५३!" तो म्हणाला, "तोच!" पिंक. काय सांगू, लग्नात हार घातल्यावर झाला नसेल एवढा आनंद झाला (हे ताईला सांगायचं नाही असं मी त्याला बजावलं, त्याने सांगितलं).

पुढचे कंट्रोल मिळत गेले. एक विहिरीच्या कठड्याला, एक भिंतीच्या कोपऱ्यात, भिंत धरून चालत गेलं की चुकायचा प्रश्नच नाही, असे कंट्रोल लावणाऱ्याला माझे आशीर्वाद. शेवटच्या २०० मीटरला मेहुणा पळाला. मी पळालो नाही पण पळणाऱ्या माणसासारखे हात हलवले. वेळ संपायला थोडा बाकी होता, लोक टाळ्या वाजवत होते, गरम काहीतरी प्यायला दिलं.

मग चिप डाउनलोड करायच्या टेबलाशी गेलो. मशीनमधून पावतीसारखी लांबलचक पट्टी निघाली, प्रत्येक कंट्रोलची वेळ, दोन ते तीन ह्या टप्प्यापुढचा आकडा इतका मोठा होता की टेबलावरच्या मुलीने तो दोनदा वाचला. आणि खाली लिहिलं होतं, मिसपंच.

"तीन नंबर चुकलाय. तुम्हाला ५२ होता, तुम्ही ५३ केलाय."

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे परत झोत डोळ्यात. "दाजी, तुम्ही वाचलात."

मी वाचलं हे खरं, आणि ५३ ला ५३ च वाचलं. चिठ्ठीवर काय आहे ते बघणं त्याचं खातं. मी आयोजकांना म्हणालो की असे पाठोपाठचे नंबर शेजारच्या घळीत ठेवायचेच कशाला, माणसाचा घोळ होणारच. तर ते फार शांतपणे सांगायला लागले की नंबरांचा खूप विचार केलेला असतो, मुळात ते ३१ पासूनच सुरू करतात म्हणजे कितवा कंट्रोल आणि कुठला नंबर ह्यात गोंधळ नको, आणि उलटे धरले तर भलतेच वाचले जातील असे इंग्रजी आकडे, 68, 86 वगैरे, वापरतच नाहीत. म्हणजे झेंडा उलटा टांगून वाचणाऱ्याची सोय केलीय ह्यांनी, आमची नाही.

"मग तो ५३ होता कुणाचा?" मेहुण्याने विचारलं.

"नवशिक्यांच्या गटाचा."

मेहुणा जरा वेळ गप्प बसला. त्याने पट्टी वरपासून खालपर्यंत परत वाचली, हेडलॅम्प बंद केला, पहिल्यांदाच, आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मग समजा आम्हाला नवशिक्यांमध्ये धरलं, तर?"

आयोजकांनी खरोखर यादी काढली, चष्मा लावला, एकेक आकडा बोटाने जुळवून बघितला आणि म्हणाले, "तर तुमचा एक बरोबर आहे."