कार्ड पाच लाखांचं, अडलंय पाकिटभर गोळ्यांपाशी

दिवाळीनंतर आमच्या आत्याच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. भर दुपारी, कापूस वेचताना. गाडी करून आधी तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. रेशनकार्ड केशरी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रानं (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) कागद केले आणि अ‍ॅडमिट झाल्यापासूनचं बिल काही आलं नाही. योजनेला नावं ठेवायला ही पोस्ट नाही, हे आधीच सांगतो.

2012 साली ही योजना जीवनदायी या नावानं सुरू झाली तेव्हा मर्यादा होती दीड लाख. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं, पुढे आयुष्मान भारतशी सांगड बसली. 2024 पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख, आणि पांढरं कार्डवालेसुद्धा आत. मराठवाड्यातले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी तर त्याआधीच घेतले होते, शेतीसंकटातले जिल्हे म्हणून. संकटानं एवढं तरी दिलं!

पण आत्याचं दुखणं त्या दुपारी सुरू झालं नव्हतं. तीन महिने तिची बीपीची गोळी बंद होती. विचारलं तर म्हणाली, "उपकेंद्रात गेलं की सिस्टर म्हणत्यात, गोळ्या आल्या न्हाईत, पुढच्या आठवड्यात या. दर खेपेला रोज बुडवून कोण जाईल, बाबा?" मेडिकलातून आणायच्या तर फवारणीचं औषध आधी.

योजनेचं गणित पॅकेजवर चालतं. अ‍ॅडमिट झालात तर पैसे. रोजची गोळी, महिन्याची शुगर तपासणी त्यात बसत नाही. म्हणजे वारं जाऊ नये म्हणून खर्च आत्यानं करायचा, आणि गेल्यावर सरकारनं! ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं फुकट झालं, चांगलं झालं. पण फळीवर गोळीच नसेल तर फुकट काय देणार?

निवडणुकीत पाच लाखांचा आकडा बॅनरवर शोभतो. उपकेंद्रात बारा महिने गोळ्या होत्या, असा बॅनर मी तरी पाहिलेला नाही. मला विचाराल तर पाचाचे दहा लाख करण्याआधी तो पैसा तिथं घाला.

आत्या आता बाजेवर आहे. फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा तालुक्याला न्यायला सांगितलंय. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तिला एसटीत चढवायला मात्र दोघं जण लागतात, आणि त्या दोघांचा रोज बुडतो.