दारूत जायफळ पडलं की

नुसती दारू पिणं आमच्या लातुरात अवघड नाही. 1949 चा दारूबंदी कायदा राज्यात अजून आहे, प्यायला परवाना लागतो, आणि एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. म्हणून तर आपल्याकडं बारच्या पाटीवर अजून ‘परमिट रूम’ लिहितात. मित्राच्या शेतात जायचं, खारे शेंगदाणे खायचे, बडीशेप चघळत घरी यायचं आणि पोट बिघडलंय असं सांगून लवकर झोपायचं. यात स्वयंपाकघराचा संबंध येत नाही. पण त्याच दारूत साय, दालचिनी, जायफळ पडलं की ती स्वयंपाकघराच्या हद्दीत येते. आमच्या घरी त्या हद्दीत आईचं राज्य आहे, आणि आई माळकरी.

हा हद्दीचा प्रश्न उभा केला भाच्यानं. शिकागोला राहून आलेला, सध्या पुण्यात. दसऱ्याला आला तो कोजागरीपर्यंत मुक्कामाला राहिला. “मामा, तिकडं फॉल सुरू झाला असंल,” असं तो सुस्कारा टाकून म्हणाला तेव्हा बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. शिवारात सोयाबीनच्या राशी चालू होत्या आणि मळणीयंत्राचा भुसा गावभर उडत होता. तिकडं म्हणे या दिवसांत पानं लाल होतात आणि माणसं ‘पंपकिन स्पाइस’ पितात. मला वाटलं भोपळ्याची भाजी पातळ करून पीत असतील. तर तसं नाही. तो मसाला म्हणजे दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस नावाचं एक कॅरिबियन फळ, वाळवून कुटलेलं. भोपळ्याच्या गोड पायमध्ये घालतात म्हणून त्याला भोपळ्याचं नाव, त्यात भोपळा नसतोच. स्टारबक्सनं 2003 साली या नावाची कॉफी काढली, तिच्यात खरा भोपळा पडला तो 2015 ला. मधली बारा वर्षं अमेरिका भोपळ्याच्या नावानं सुंठ-दालचिनी पीत होती आणि कुणाची तक्रार नव्हती.

भाच्याला याचंच कॉकटेल करायचं होतं. क्रीम, भोपळ्याचा गर, मेपल सिरप, मसाला आणि रम. सगळं बर्फात हलवायचं, गाळायचं, वरून जायफळ किसायचं. कृतीच्या वर लिहिलेलं : वेळ दहा मिनिटं. ही कृती लिहिणाऱ्याच्या घरात दुसरं माणूस राहत नसणार.

आमच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत, सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी ओळखीचं माणूस भेटतं आणि पिशवीत डोकावतं. काशीफळाची फोड घेऊन घरी आलो तर आई दारातच. “हे कशाला आणलास?” तोंडातून निघून गेलं, घारग्याला. झालं. बायकोला भर दुपारी घारगे तळावे लागले, त्यात बहुतेक गर गेला आणि कॉकटेलच्या वाट्याला वाटीभर उरला. बायको तळता तळता माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती त्यावरून तिला सगळं कळलेलं होतं.

मेपल सिरपच्या जागी काकवी, हे सोपं. अडलं सायीपाशी. सायीचं भांडं म्हणजे आमच्या घरचं फिक्स डिपॉझिट, मुदतीआधी मोडता येत नाही. भाच्यानं फ्रिज उघडून चमचा घातला आणि बायको आतून ओरडली, “त्याला विरजण लावलंय! तुपाचं आहे ते.” मग भाच्यानं दूधच आटवायचं ठरवलं. निमित्त आयतं होतं, कोजागरीचं दूध. आई खूश. अमेरिकेत राहून पोराला पौर्णिमा कळते, असं ती शेजारच्या दोन घरांत सांगूनही आली.

दूध आटेपर्यंत ठीक होतं. लवंग-दालचिनी तव्यावर टाकली, जायफळ किसणीवर चढलं, आणि वास जिन्यावरून खाली गेला. रमची बाटली कपाटात चादरीखाली लपवता येते, जायफळ कुठं लपवणार? हा वास आला की आमच्या गल्लीत लोक विचारतात, कुणाचं काय आहे? आई पाट घेऊन गॅससमोर येऊन बसली.

“काय करू लालास रे एवढ्या सुंठीचं? बाळंतीण हाय का घरात?”

“आज्जी, तिकडची पद्धत आहे.”

“तिकडं चारोळी न्हाई घालत?”

चारोळी पडली. केशरही पडलं. भाच्याच्या कागदावर यातलं काही नव्हतं, पण आईसमोर कागद काढायची त्याची छाती झाली नाही. शेवटी अर्धं दूध “चंद्राला दाखवायला” म्हणून गच्चीवर न्यायची परवानगी मिळाली. पातेलं मात्र पितळी, कल्हईचं, काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी वडलांचं नाव कोरलेलं. त्यात रम ओतायचं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं. मग पोराच्या जिमचा प्रोटीन शेकर उपयोगी आला. त्याच्या झाकणाला व्हॅनिलाचा वास कायमचा बसलेला आहे, पण त्या वासानं कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

गच्चीवर वरच्या मजल्यावरचे काका होते. दूध संघातून रिटायर झालेले, जन्म दुधात गेलेला. त्यांना आम्ही विश्वासात घेतलं होतं. खरं तर वासानं तेच आधी येऊन बसले होते. भाच्यानं कोमट दुधात गर आणि काकवी घातली, झाकण लावून हलवलं, मग रम ओतली. क्षणभर काही झालं नाही. मग पेल्याच्या काचेवर रव्यासारखे बारीक कण दिसायला लागले. कणांच्या गुठळ्या झाल्या, गुठळ्यांना भोपळ्याचे केशरी दोरे चिकटले, आणि तळाला पिवळसर पाणी सुटलं. वर एक चारोळी तरंगत राहिली.

काकांनी पेला तिरका केला, चंद्राच्या उजेडात धरला, काचेवरून कण कसे ओघळतात ते बघितलं. इतका वेळ पेंगलेला माणूस एकदम ड्युटीवर आला.

“ही तर अल्कोहोल टेस्ट झाली. संकलन केंद्रावर दूध आलं की तेवढंच अल्कोहोल घालून बघतात. आंबायला लागलेलं दूध असलं की गुठळी धरतं. पण आम्ही 68 टक्क्यांचं घालायचो. तुमची रम किती?”

बाटलीवर 42.8 लिहिलेलं.

“म्हणजे त्याच्या आतच फेल. खाली उकळलं तेव्हा फाटलं नाही ना? मग उकळीला पास, दारूला फेल.”

भाचा हिरमुसला. काकांनीच मग सांगितलं की सगळा दोष दुधाचा नाही. काकवीत आंबटपणा असतो, त्यात दूध गरम. गुळाच्या चहात दूध उतरवल्यावर का घालतात, विचार तुझ्या मामीला. सायीत फॅट जास्त आणि फाटणारं प्रोटीन कमी, म्हणून ती दारूला दाद देत नाही. बाटलीबंद आयरिश क्रीम 1974 पासून मिळतं, पण ते कारखान्यात घोटून बसवलेलं असतं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकिटातलं क्रीम आलं. उरलेलं दूध बर्फात गार केलं, आधी क्रीम मिसळलं, काकवीला सुट्टी देऊन साखर घातली आणि रम थेंबाथेंबानं सोडली. जमलं. वापरलेला बर्फ फेकून द्या, असं कृतीत होतं. 2016 साली आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आहे, तो बर्फ मोगऱ्याच्या कुंडीत गेला. चव म्हणाल तर आधी बासुंदी, मग रम, आणि घोट उतरला की घशात सुंठ. भर उकाड्यात घाम फुटला, पण चांगलं लागलं. खाली ठेवलेलं बिनरमचं जास्त चांगलं होतं, ते मी भाच्याला सांगितलं नाही. काकांनी दुसरा पेला मागून घेतला.

रम चढली की माणसं गाणी म्हणतात, काका नोकरीत शिरतात. जिना उतरताना आईनं विचारलं, “कसं झालं वो दूध?” तर हे म्हणाले, “आक्का, दूध टेस्टला फेल गेलं बघा.”

सकाळी दूधवाला दारात आला तेव्हा मी पेपर वाचत होतो.

“काय रे, दूध फेल गेलं म्हणं तुझं! टेष्ट केली पोरांनी.”

दूधवाल्यानं किटली खाली ठेवली. त्याचं निम्मं दूध डेअरीला जातं. “माय, काल उकळून फाटलं होतं का?”

“न्हाई बा. चांगलं आटलं की.”

“मग दुसऱ्या टेष्टीत गेलं असंल,” तो म्हणाला, आणि पेपरच्या वरून माझ्याकडं बघायला लागला.

“दुसरी कंची?” आईनं विचारलं. त्याला नाही, मला.