सगळं जागेवर मिळतं, हीच तर पंचाईत

मी राहते त्या ज्येष्ठांच्या संकुलाच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठळक अक्षरांत छापलंय: 'आता तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.' आयुष्यभर लोकल, बँकेचं काउंटर, सासूबाईंचं आजारपण आणि गॅसचा नंबर यांत पिचलेल्या माणसाला हे वाचून भरून येणारच. मलाही आलं. यजमान गेल्यावर दादरची जागा भाड्याने दिली आणि बार्देशात राहायला आले. सासर फोंडा महालातलं, त्यामुळे गोवा मला परका नव्हता.

आता इथे राहून जे मत झालंय ते लिहिते, कोणाला झोंबलं तर झोंबू दे. माणसांची आमच्याकडे कमतरता नाही, संकुल चांगलं मोठं आहे. पण सोबत जुळायला एकमेकांकडे काहीतरी काम पडावं लागतं, आणि ते कामच इथे दरमहा पैसे घेऊन आमच्या हातून काढून घेतलेलं आहे.

लिफ्टमध्ये आठवड्याचं वेळापत्रक लावलेलं असतं. खुर्चीतला योग, तंबोला, कराओके, कोणाच्या तरी नातवाचं तबलावादन. तासभर टाळ्या वाजवायच्या आणि आपापल्या दाराआड जायचं. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंशी मी कितीतरी महिने 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेले नव्हते. मग पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि जनरेटरनेही मान टाकली. लिफ्ट बंद, त्यांचा गुडघा अवघडलेला, दोघी जिन्यातच बसलो. त्यांच्याकडे टॉर्च, माझ्याकडे चकलीचा डबा. त्या रात्री कळलं की बाई मडगावच्या, तारवटीची म्हणजे बोटीवरच्या खलाशाची बायको. नवरा बोटीवर असताना तीन मुलं एकटीने वाढवलेली. हल्ली 'कितें गो बाय, जेवलें?' अशी हाक त्यांच्याकडून आल्याशिवाय मी पान घेत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 'द व्हिलेजेस' नावाची निवृत्तांची अख्खी नगरीच आहे. 2020 च्या तिथल्या जनगणनेत त्या महानगर विभागाची लोकसंख्या 1 लाख 30 हजारांच्या जवळ गेली होती, आणि आधीच्या दहा वर्षांत देशात सगळ्यांत वेगाने वाढलेला महानगर विभाग तोच. पन्नासहून जास्त गोल्फ मैदानं, गल्लोगल्ली गोल्फ कार्ट, रोज संध्याकाळी चौकात बँड आणि नाच. एकोणीस वर्षांखालच्यांना तिथे कायमचं राहता येत नाही. नातवंडांनी यायचं ते वर्षातून तीस दिवसांपुरतं. हे ऐकून आमच्याकडचे काही पुरुष हळहळतात की आपल्याकडे असं का नाही. मला मात्र प्रश्न पडतो, रोज रात्री बँड थांबल्यावर त्या लाखभर माणसांतलं कोण कोणाच्या घरी हक्काने कढी मागायला जात असेल? जात असतील तर उत्तमच. पण तो हक्क चौकात नाचून मिळत नसावा, असा माझा अंदाज.

चवथीची गोष्ट सांगते. दरवर्षी व्यवस्थापन गणपतीची सजावट कंत्राटदाराकडून करून घेतं. थर्माकोल गेला, आता कापडी पडदे आणि दिव्यांच्या माळा. गेल्या खेपेला सत्तरी तालुक्यातल्या एका गृहस्थांनी मध्येच विचारलं, 'माटोळी कुठे आहे?' माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, फळं-रानफळं बांधलेली लाकडी चौकट. हे भाई, वनखात्यातून निवृत्त झालेले. जेवणघरात कायम कोपऱ्यातल्या टेबलावर, कोणाशी बोलणं नाही. आम्ही त्यांना माणूसघाणे ठरवून मोकळे झालो होतो. दुसऱ्या दिवशी ते ड्रायव्हरला घेऊन म्हापशाच्या बाजारात गेले आणि जे मिळालं नाही त्यासाठी थेट गावाकडे गाडी वळवली. परतले ते पोती भरून. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंजन, निरफणस, फागलां, सुपारीचे घोस. मग लाकडी चौकटीखाली उभे राहून आम्हाला फर्मावू लागले: हे जड, मध्ये बांधा, ते गळेल, देठ ठेवून कापा, नारळाची जोडी शेंडीला शेंडी बांधून. दिल्लीचे एक कर्नल सुतळीला गाठी मारत होते आणि भाई त्यांच्या गाठी सोडवून परत बांधत होते. तीन तास नुसती भांडाभांडी. इतका आनंद कराओकेत मी पाहिलेला नाही. आता भाईंचं टेबल रिकामं नसतं. कर्नलसाहेब त्यांच्याबरोबर सकाळी झाडं ओळखत फिरतात, बहुतेक चुकतात, आणि रोज बोलणी खातात.

केंद्र सरकारने 2019 साली निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. रॅम्प, कठडे, न घसरणाऱ्या फरशा, आणीबाणीचा अलार्म, सगळं त्यात आहे आणि हवंच. गोव्यासारख्या राज्यात तर फारच. 2011 च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण केरळखालोखाल इथेच होतं, 11 टक्क्यांच्या वर. पण संध्याकाळचा चहा कोणाबरोबर घ्यायचा, हे कुठल्या सरकारी कागदात येणार?

कुंपणाबाहेरचं गाव म्हणजे स्वर्ग, असंही मी म्हणत नाही. वाड्यावरची निम्मी घरं कुलपात आहेत. मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर परदेशी, नाहीतर आखातात. मोठ्या घराच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, एकटी म्हातारी आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार. एकटेपणा तिथेही आहेच. फरक एवढाच, की ती भाजी विकायला बसते, भजनाला टाळ घेऊन जाते, तिच्यावाचून कोणाचं तरी अडतं.

आणि एक विषय, जो आमच्याकडे दबक्या आवाजात बोलला जातो. जेवणघरात एक विधुर आणि एक विधवा रोज एका टेबलावर बसतात. तो तिच्या माशातले काटे काढून देतो, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तिला नीट दिसत नाही. एवढंच. पण पहिली कुजबूज आमच्याच बायकांनी केली. मग तिच्या मुलाचा दुबईहून फोन: 'आई, लोक काय म्हणतील?' लोकांचं निमित्त असतं हो, पोटात दुखतं ते फ्लॅटसाठी. ज्यांना गोव्याचा नागरी कायदा लागू आहे, त्यांच्या इस्टेटीचा निम्मा हिस्सा तसाही मुलांसाठी राखीव असतो. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळच काढलं, तिथे माणसं उघडपणे नावं नोंदवतात. आमच्याकडे सुरमईचे काटे काढले तरी बातमी होते. ज्या मुलांना आई 'सेटल' झालेली हवी असते, त्यांना ती आनंदी झालेली का चालत नाही, हे मला खरंच कळत नाही.

सध्या आमची मागणी साधी आहे. आठवड्यातून एक दिवस स्वयंपाकघर आमच्या ताब्यात द्या. नारळ आम्ही खवू, हुमण, म्हणजे माशांची आमटी, आम्ही करू, भांडणं आमची आम्ही मिटवू. व्यवस्थापन म्हणतं, भाजलं-कापलं तर जबाबदारी कोणाची? लेखी हमी द्यायला आम्ही एकवीस जण तयार आहोत, त्यात कर्नलसाहेबही आहेत, आणि त्यांना साधा कांदा चिरता येत नाही. रविवारी कमिटीची बैठक आहे. कुणाच्या संकुलात असं काही मान्य झालं असेल, तर कोणत्या अटींवर झालं ते कमेंटमध्ये लिहा, मी कागद सोबत घेऊन जाणार आहे.